अण्णा, शक होता

अण्णा, गाडी सोमवारी जमा करायची आहे.

पक्षाच्या ऑफिसातून फोन आला होता. "सदाशिव, आराम से, कोई जल्दी नहीं," म्हणाले आणि लगेच सोमवार म्हणाले. काल धुतली. काचा पुसल्या, टायरला पॉलिश मारलं, माझा खंडोबा डॅशबोर्डवरून काढून रुमालात गुंडाळला. तुमची बाजू मात्र झाडवली नाही. मॅटवर शेंगांची टरफलं पडलीत अजून. सतरा वर्षं फौजेत गाड्या धुतल्या, इन्स्पेक्शनला धुळीचा कण दिसू दिला नाही, आणि इथं चार टरफलांपुढं हात चालेना.

लिहायला बायकोनं, मंगलने, बसवलं. म्हणाली, "आठ दिवस घरात नुसते येरझारा घालताय. जे काय आहे ते कागदावर उतरवा, नाहीतर छातीत घेऊन बसाल." तिला वाटतं मी तुमच्या जाण्यानं असा झालोय. ते तर आहेच. पण तिलाही मी सगळं सांगितलेलं नाही. इथल्या मराठी मंडळाचे लोकही मागं लागलेत, अकरा वर्षं सोबत होतात, अंकासाठी दोन पानं द्या म्हणून. तुम्ही किती वेळा निवडून आलात, किती वेळा पडलात, कुठल्या बिलावर काय बोललात, ते शिकलेले लोक लिहितील. मला एकाच वाक्याबद्दल बोलायचंय. तुमच्या शेवटच्या कागदावरच्या. ते वाक्य चूक आहे, अण्णा, आणि ते चूक आहे हे माहीत असलेला माणूस तुमच्या शेजारी बसून गाडी चालवत होता.

पण आधी पहिल्या दिवसाचं लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला कळणार नाही.

मी आठवी पास. फौजेत ड्रायव्हर, नायक म्हणून सुटलो. मुलीची शाळा दिल्लीत चालू, म्हणून गावी साताऱ्याकडं परत गेलो नाही. तिथंच द्वारका भागात खोली घेतली आणि एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसायला लागलो. तिथं राहणारे एक मराठी बाबू म्हणाले, खासदाराला ड्रायव्हर हवाय, जातोस का? आलो. घाबरतच आलो. खासदार म्हणजे मागं बसणार, फोनवर ओरडणार, असं डोक्यात. मी मागचं दार उघडून सावधानमध्ये उभा. तुम्ही गाडीला वळसा घालून आलात आणि पुढं बसलात. "मागं बसलो की मला गाडी लागते," म्हणालात.

ते खोटं होतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

"आणि साहेब म्हणू नका, कॉम्रेड म्हणा."

माझ्या तोंडून ते काही निघेना. साब-साब करून जीभ वळलेली. शेवटी आपला तह झाला अण्णा या शब्दावर. आणि तुम्ही मला सदाशिवराव म्हणायला लागलात, ते थेट शेवटपर्यंत. पानिपतला विणकरांच्या मीटिंगला पहिल्यांदा निघालो तेव्हा हायवेवर पाटी दिसली आणि तुम्ही शेंगा फोडता फोडता म्हणालात, "सदाशिवराव, संध्याकाळी परत आणा बरं का. मागच्या खेपेला तुम्ही इकडंच राहिलात." मला हसावं की नाही कळेना. तुम्ही मात्र कर्नालपर्यंत हसला असता, पण पानिपत आधी आलं.

बेल्ट तुम्हाला नको असायचा. गळ्याशी येतो म्हणायचात. ही गाडी आली तेव्हा तिनं टीं टीं करून डोकं उठवलं. मग मी तो बेल्ट सीटच्या मागून फिरवून खटक्यात अडकवून ठेवायला लागलो. गाडी गप्प. मी एकदा बोललोही, "अण्णा, तुम्ही कायदे करणारी माणसं."

"केले कुठं? विरोधच केला बहुतेकांना."

त्या पहिल्या आठवड्यात क्वार्टरपासून पार्लमेंटकडं जाताना तुम्ही भाषणाचा कागद काढलात आणि मोठ्यानं वाचायला लागलात. मला वाटलं स्वतःशीच वाचताय. संपल्यावर विचारलंत, "कळलं का?"

"हां साब."

"काय कळलं?"

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"सदाशिवराव, काय कळलं?"

मग मी खरं सांगितलं, की फौजेत क्लास संपला की उस्ताद विचारतो, "कोई शक?" आणि सगळी पलटण एका आवाजात ओरडते, "नहीं, उस्ताद!" एकदा मी नवा असताना हात वर केला होता, की उस्ताद, शक है. उस्तादानं रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या तीन फेऱ्या मारायला लावल्या. त्यानंतर उभ्या नोकरीत मला कधी शक आला नाही.

तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. गाडी बाजूला घेऊन पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत म्हणालात, "आमच्या सभागृहात तेच चालतं. फक्त फेऱ्या माराव्या लागत नाहीत, चहा मिळतो." मग एकदम गंभीर झालात. "हे बघा. आजपासून तुमचं काम गाडी चालवायचं आहेच. पण भाषण संपल्यावर मी विचारणार, कोई शक. आणि तुम्हाला शक आला पाहिजे. नाही आला तर पगार कशाचा देऊ?"

तेव्हापासून तेच. लाल पेन्सिल कानावर, शेंगा मांडीवर, कागद हातात, आणि शेवटी, "कोई शक, सदाशिवराव?" सुरुवातीला मी भीत भीत सांगायचो. "ते असंघटित क्षेत्र म्हणजे कोण, अण्णा?" तुम्ही सांगितलंत. मी म्हणालो, मग तसंच म्हणा की. तुम्ही ते खोडलंत आणि लिहिलंत, ज्यांना आजारपणाची सुट्टी मिळत नाही ती माणसं. दुसऱ्या दिवशी ते वाक्य पेपरात आलं होतं. तुम्ही पेपर माझ्या स्टिअरिंगवर ठेवलात आणि शेंगा फोडायला लागलात. तो पेपर मंगलने ट्रंकेत ठेवलाय, मुलीच्या शाळेच्या सर्टिफिकेटांबरोबर.

पुढं पुढं मला धीर आला. आपण भांडायलाही लागलो. फौजेत युनियन का नको, यावर तर गुरुग्राम ते क्वार्टर. देवावर रोजच. "तुमचा खंडोबा बिनतिकीट बसलाय," तुम्ही म्हणायचात, आणि फिरकीच घ्यायची असली की गाडीत बसताना त्याला विचारायचात, "काय मल्हारी, बहुमत आहे का?" एक सांगायचं राहिलंय, अण्णा. मी तुम्हाला, तुमच्या पक्षालाही, आयुष्यात कधी मत दिलेलं नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर खोटं बोललो असतो.

आणि दहावी. तुमचा हट्ट. मी म्हणत होतो, या वयात काय करायचीय? तुम्ही ओपन स्कूलचा फॉर्म आणून डॅशबोर्डात टाकलात. मी सहा महिने तो आरसीच्या खाली दाबून ठेवला. शेवटी तुम्हीच भरलात, सही तेवढी माझी घेतलीत. पहिल्या पेपरला मी तुम्हाला मीटिंगला सोडून जाणार होतो, पण तुम्ही म्हणालात, आधी सेंटरवर चला. मी आत गेलो. बाहेर आलो तीन तासांनी, तर तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसून झोपलेले, तोंड उघडं, चष्मा छातीवर. शाळेचा चौकीदार हसत होता. त्यानं तुम्हाला विचारलं होतं म्हणे, "अंकल, आप ड्राइवर हो?" आणि तुम्ही सांगितलंत, "आज हूँ."

चार विषय सुटले. गणित राहिलं. त्यावरून आपलं अजून भांडण चालू आहे.

आता फरीदाबाद.

महिन्यातला एक रविवार तिकडंच जायचा. युनियनची दोन खोल्यांची जागा, वर पत्रा, मध्ये एक लांब टेबल. तिथं प्रेस मशीनवर काम करणारी माणसं यायची. पत्रा दाबून गाडीचे भाग करायचं मशीन. वरून ठोका पडतो, हात बाहेर यायला क्षणभर उशीर झाला की बोट गेलं. आत हात असला तर मशीन आपोआप थांबवणारा सेन्सर असतो, पण त्यानं काम हळू होतं, म्हणून तो बंद करून ठेवतात. हे मला तिथंच कळलं. ती माणसं खोलीत यायची ती हात खिशात घालून, नाहीतर गमछ्यात गुंडाळून. तुमचा एक नियम होता. बोलायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवायचे. तुम्ही आधी ठेवायचात. मग एकेक हात बाहेर यायचा. पहिल्यांदा मी ते बघितलं आणि चहा आणतो म्हणून बाहेर पळालो. बाहेर माझेच हात मी उलटेपालटे करून बघत होतो.

तुम्ही त्यावर सभागृहात किती वेळा विचारलंत, देव जाणे. प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं, जानकारी एकत्र की जा रही है. आमच्या घरी तर ते बोलणंच होऊन बसलं. मंगल विचारायची, गॅसचं काय झालं? माझी मुलगी आतून ओरडायची, "मम्मी, जानकारी एकत्र की जा रही है!" तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात, पण तोंडभर नाही.

त्या टेबलावर एक माणूस यायचा, रामदुलार. बिहारचा, सीवानकडचा. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या पोराची दोन बोटं गेली होती, म्हणून भिऊन आलेला. त्याची मात्र दहाच्या दहा होती. त्याला हात टेबलावर ठेवायची लाज वाटायची. तुम्ही म्हणालात, "अरे, ऐसे ही हाथ तो देखने आते हैं हम." त्याच्या कारखान्याबद्दल तुम्ही पत्रावर पत्र लिहिलंत. मीच पोस्टात टाकली ती. पुढं तुमचं आजारपण सुरू झालं आणि फरीदाबाद बंद पडलं.

मागच्या छठपूजेनंतरची, दिवाळी सरल्यावरची गोष्ट. दिल्लीत धुराचा महिना. समोरची बिल्डिंग दिसत नव्हती, तुम्हाला श्वास लागायचा, डॉक्टरनं सांगितलेलं की घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दुपारी तुम्ही झोपलेले. गेटवर रामदुलार. हातात डबा, ठेकुआ आणलेला, त्यांच्याकडचा छठचा प्रसाद.

"फौजी भाई, नेताजी को बताना। सेन्सर चालू हो गया।"

"कब?"

तो हिंदीतच भडाभडा बोलत सुटला. पत्रं पोचली होती. तपासणीला माणसं आली होती. मालकानं सगळ्या मशीनवरचे सेन्सर चालू केले. "मेरा हाथ दो बार अंदर रह गया, भाई। दो बार मशीन रुक गई। अपने आप!" असं म्हणून त्यानं दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले, बोटं पसरून. लहान मुलं दाखवतात तसं. मी हसलो. म्हणालो, झोपलेत, उठल्यावर नक्की सांगतो.

तुम्ही उठलात. चहाबरोबर मी ठेकुआ दिला. तुम्ही दोन खाल्लेत.

"मस्त आहे. कुणी आणलं?"

"फरीदाबादहून आलंय."

एवढंच बोललो. पुढचं ओठावर आलं होतं. पण मी तुम्हाला ओळखून होतो. तुम्ही तिथल्या तिथं चपला घातल्या असत्या. त्या धुरात, तसल्या छातीनं, चला सदाशिवराव, बघून येऊ म्हणाला असता, आणि तुम्हाला नाही म्हणायची माझी ताकद नव्हती. म्हटलं, हवा सुधारली की सांगू. हवा सुधारली. तेव्हा तुमच्या पायावर सूज. म्हटलं, पाय उतरले की सांगू. मला सगळ्याचीच काळजी वाटते, अण्णा, तुम्हाला माहीत आहे. रस्ता रिकामा असला तरी माझा पाय ब्रेकवर असतो. असं करता करता ती गोष्ट मागं पडली. विसरलो म्हणत नाही. मागं पडली.

मग तुमची खासदारकीची मुदत संपत आली. निरोपाचं भाषण गुरुवारी होतं. मंगळवारी सकाळी आपण हॉस्पिटलला निघालो होतो, नुसत्या तपासणीला. तुम्ही कागद काढलात. पेन्सिल कानावर नव्हती, ते मी बघितलं. शेंगाही नको म्हणालात. आवाज खोल गेलेला. भाषण छोटंच होतं. सगळ्यांचे आभार, दोन टोमणे, एक विनोद. आणि शेवटी, या सदनात मी सगळ्यात जास्त वेळा फरीदाबादच्या हातांबद्दल विचारलं, आणि मग ते वाक्य.

"सच यह है कि चालीस साल में मैं एक भी उँगली नहीं बचा सका।"

सिग्नल सुटला होता. मागून हॉर्न. डावीकडून एक स्कूटरवाला घुसला. मी त्याला चुकवलं, आणि तुमच्याकडं बघितलं, तर चेहरा राखेसारखा. तुम्ही विचारलंत, "कोई शक, सदाशिवराव?"

माझ्या डोळ्यांसमोर रामदुलारचे हात होते, अण्णा. शपथ घेऊन सांगतो, समोर होते. पण मनात आलं, आत्ता नको. आत्ता सांगितलं तर चार महिने का नाही सांगितलं ते सांगावं लागेल. आत्ता यांना त्रास नको. हॉस्पिटल दोन सिग्नलवर आहे. आणि तोंडातून ते निघालं, मैदानावरचं.

"नहीं, उस्ताद."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. थोडं हसलात.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा शक नाही तुम्हाला. म्हणजे बरोबर लिहिलंय."

कागदाची घडी घातलीत आणि खिशात ठेवलीत.

त्यांनी तुम्हाला दाखल करून घेतलं. बुधवारी मी ठरवून गेलो, आज सांगायचंच. आत फक्त घरचे. तुमचा पुतण्या पुण्याहून आलेला, तो आत-बाहेर करत होता. मी दारावरच्या माणसाला म्हटलं, दोन मिनिटं. तो म्हणाला, "आप कौन?" म्हटलं, ड्रायव्हर. तो बिचारा चांगलाच बोलला, "भैया, बाहर बैठिए, बुलाएँगे." त्याचं काही चुकलं नाही. मी दुसरं काय सांगणार होतो? की मला शक आलाय?

पुतण्या बाहेर आला तेव्हा त्याचा हात धरला. "दादा, त्यांना एवढंच सांगा, रामदुलारची दहाच्या दहा आहेत. सेन्सर चालू झालाय." तो दोन रात्री झोपला नव्हता. "हो हो काका, सांगतो," म्हणाला. शुक्रवारी पहाटे तुम्ही गेलात. नंतर मी त्याला विचारलं, सांगितलं होतंत का? "काका, मी काहीतरी बोललो होतो त्यांच्याशी. पण मास्क होता. नक्की काय ते आता…" त्याचे डोळे भरले. मी म्हटलं, असू दे.

तुमच्या शर्टाच्या खिशातलं सामान नर्सनं माझ्या हातात दिलं, कारण मी जवळ उभा होतो. चष्मा, पेन, आणि तो कागद. कागद मी दोन दिवस गाडीत ठेवला. खरं लिहितोय, फाडावासा वाटला. पण तुमचं अक्षर. ते फाडणारा मी कोण? अनिमेशदांना नेऊन दिला. तुमचे जुने सोबती, तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, काठी घेऊन उभे होते. त्यांनी तो वाचला आणि छातीशी धरला.

शोकसभेत त्यांनी तो वाचून दाखवला. हॉल भरलेला. मी मागं, दाराजवळ, जिथं ड्रायव्हर उभे राहतात तिथं. शेजारी रामदुलार. अर्धी पाळी सोडून आलेला. त्या शेवटच्या वाक्यावर अनिमेशदांचा आवाज फुटला. माझ्या पुढच्या बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, "कितनी विनम्रता, देखो."

रामदुलार माझ्याकडं वळला. हळूच बोलला. रागानं नाही बोलला, अण्णा. राग असता तर बरं झालं असतं.

"फौजी भाई… आपने बताया नहीं था?"

मला काय झालं माहीत नाही, मी हात वर केला. कोपर सरळ, पंजा उघडा, क्लासमध्ये करतात तसा. कुणी बघेना. मग मी बोललो. मैदानावरचाच आवाज निघाला, मला दुसरा येत नाही.

"शक है!"

सगळा हॉल मागं वळला. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. एक उंगली बची है, दस बची हैं, यह खड़ा है आदमी. पण तेवढे चेहरे बघून ते तोंडातच राहिलं. माईकजवळच्या मुलीनं विचारलं, "भाईसाहब, गाड़ी हटानी है किसी की?" कुणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला. अनिमेशदांनी वरूनच हात जोडले, मला समजावल्यासारखे. त्यांना वाटलं दुःखानं झालं असेल. मग पुढचे वक्ते उठले. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली, तुमचा फोटो आणि खाली तेच वाक्य. सोसायटीतल्या बाबूंनी मला व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली हात जोडलेले. आता ते वाक्य तुमचं झालंय. लोक तुम्हाला त्या वाक्यानं लक्षात ठेवणार.

सभा सुटल्यावर मी रामदुलारला म्हटलं, चल, मेट्रोपर्यंत सोडतो. तो मागचं दार उघडायला गेला. म्हटलं, पुढं बस. तो बिचकत बसला. बेल्ट ओढायला गेला, तर हाताला लागेना. त्यानं वाकून बघितलं. बेल्ट सीटच्या मागून फिरवून खटक्यात अडकवलेला, आपला नेहमीसारखा.

"अरे, यह तो पीछे से फँसा रखी है!" तो माझ्याकडं बघायला लागला. "फौजी भाई, हमारे यहाँ मालिक भी बिल्कुल यही करता था। आवाज़ न आए, बस।"

मी इंजिन चालू केलं होतं. ते बंद केलं नाही. त्यानं खटका दाबून बेल्ट मोकळा केला. टीं टीं सुरू झालं. एवढ्या महिन्यांनी तो आवाज गाडीत ऐकला. रामदुलार सावकाश, दोन्ही हातांनी, बेल्ट पुढं घेत होता, आणि मी त्याची बोटं बघत होतो. मोजली मी, अण्णा. गणित राहिलंय माझं, पण दहापर्यंत येतं.

टक्. आवाज थांबला.

मला तेव्हा कळलं तुम्ही मला कशाला ठेवलं होतं. टीं टीं करायचं काम माझं होतं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून मी मलाच मागून अडकवून ठेवलं.

सोमवारी गाडी देईन. बेल्ट आता मोकळा आहे, जो बसेल त्याला आवाज येईल. टरफलं मात्र मी काढणार नाही. ऑफिसवाले झाडतील तर झाडू देत. अनिमेशदांकडं परवा जाणार आहे, रामदुलारला घेऊन. त्यांना म्हणणार, दोन्ही हात टेबलावर ठेवा, मग बोलू. छापलेलं परत घेता येत नाही, ते म्हणतील. मला माहीत आहे. तुम्हालाही आता सांगता येत नाही, तेही माहीत आहे. तरी विचारलं होतंत, म्हणून उत्तर देतो. उशीर झाला, त्याच्या फेऱ्या मी मारीन, डोक्यावर जे धरायला लावाल ते धरून.

शक है, अण्णा. वाक्य चूक आहे. पेन्सिल घ्या.